पुडी

माझ्या दुकानात सगळं पुडीत मिळतं.
शाम्पू, सोया सॉस, एका कपाची कॉफी,
डोकं दुखलं तर एक गोळी, कात्रीने कापून.
खिळे मोजून.
आणि इंटरनेट.
तेही पुडीतच : दहा पेसो, तीन दिवस.
ह्या पुडीत गाणी, त्या पुडीत गप्पा,
काय दिसेल नि काय नाही
ते कुणीतरी वरून शिवून पाठवलेलं.

मी विकते. लपवू कशाला?
सामार बेटाच्या ह्या अंगाला, रस्ता संपून
नारळ सुरू होतात तिथे,
पुरिंगशिवाय विकणार कोण?

ज्याच्याकडे दहा पेसोही नाहीत
त्याला एक खिडकी फुकट.
तिच्यात माणसं भांडतात, वाढदिवस करतात,
फोटोच्या जागी राखाडी चौकोन.
आणि बातमीचं नुसतं डोकं.
धड हवं असेल तर पैसे टाक.

डिसेंबरात एर्मेलिंदो आला, ओल्या पायांनी,
फोन उंच धरून, लॉटरी लागल्यासारखा :
‘वादळाने दिशा बदलली!’
एवढंच होतं खिडकीत. पाच जणांनी वाचलं,
पाचही जण हसले. त्याने होडी
वर ओढायची ती तशीच ठेवली पाण्यात.

कुठून कुठे बदलली,
ते धडात होतं.

मी माझ्याच दुकानातली पुडी फोडली. मोठी, पन्नासची.
हवामान खात्याचा नकाशा उघडायला
भात शिजेल एवढा वेळ लागला.
वर आलं ते पांढरं भोवरं,
शेपूट उत्तरेला, डोळा आमच्याकडे.

मग मी ओरडत सुटले. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी.

होडी गेली. एर्मेलिंदो राहिला.
माझं छप्पर शाळेच्या अंगणात सापडलं.
चौथ्या दिवशी फोनला जीव आला, पहिला निरोप कंपनीचा :
‘आपद्ग्रस्त बंधुभगिनींसाठी खास भेट,
तुमची आवडती खिडकी आठवडाभर मोफत!’
फुकटचं ते पौष्टिक म्हणणाऱ्याला
माझ्याकडे पाठवा. एक वाटी राखाडी चौकोन वाढीन.

भाची मारिवेल शहरात कायदा शिकते.
छपराला हात लावायला आली तेव्हा
खिळे तोंडात धरून समजावत होती :
नेट न्यूट्रॅलिटी, नियम, आयोग, सुनावण्या.
मी म्हटलं, थुंक आधी ते खिळे,
आणि क्रिसान्तोच्या होडीबद्दल बोलतेस का?

क्रिसान्तो पलीकडच्या बंदरातून माल आणतो.
तांदूळ असो, वह्या असोत, कुणाची शवपेटी असो :
वजन सांग, पैसे दे, चढव.
पोत्याचं तोंड सोडून आत डोकावत नाही.
एकदा नगराध्यक्षाचा मेव्हणा म्हणाला,
‘माझा माल आज ने, पुरिंगचा परवा.
वर्षाचं डिझेल माझ्याकडून.’
क्रिसान्तोला तीन मुली, इंजिन खोकणारं.
तो बराच वेळ दोर गुंडाळत राहिला.
मग म्हणाला,
‘परवापर्यंत तिचे टोमॅटो सडतील.
मग गाव तुझ्याकडेच येईल,
आणि मला वाटत राहील, गावाला तूच आवडतोस.’

मारिवेलने हे लिहून घेतलं. कुठल्याशा
सुनावणीत वाचणार म्हणाली. वाचलं की नाही, कळलं नाही.
मेव्हण्याने स्वतःची होडी घेतली, ती मात्र दिसते.

मी पुड्या अजून विकते.
फक्त हवा फिरली की एक पन्नासची फोडते,
पुठ्ठ्यावर कोळशाने नकाशा काढते :
आपण इथे, ते तिथे, बाण असा.
दाराशी टांगते, डोकं-धड एकत्र.

काल एर्मेलिंदो बराच वेळ बघत उभा होता.
खिसा चाचपत म्हणाला,
‘ह्याचे किती?’

मी तराजूकडे बोट दाखवलं.
पुठ्ठ्याचं असं वजन किती भरणार!